सभापती उभ्या आहेत

अथर्व पुन्हा उभा राहिला. लगेच शीतलही उभी राहिली. त्याला बसावं लागलं.

सभापती उभे राहिले की सदस्यांनी बसायचं, हा नियम मॅडमनीच नववीच्या पोरांकडून घोकून घेतला होता. रोह्यातल्या शाळेच्या हॉलमध्ये संसद भरली होती, समोर अलिबागहून आलेले परीक्षक. आज जो छान बोलेल तो जिल्ह्याला जाणार. पंतप्रधान अथर्वचं भाषण त्याच्या बाबांनी लिहून दिलेलं. एव्हाना ते सगळ्या आळीला पाठ होतं.

विरोधी पक्षनेत्याचं भाषण मात्र शीतलने स्वतः लिहिलं होतं. धाटावच्या पलीकडे तिची वाडी. तिथे नळ आला, पाणी आलं नाही, त्यावर. तालमीत अथर्व म्हणाला, "मॅडम, ही हाय-नाय करत बोलणार नि परीक्षक हसणार." वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी भाषण काढून उर्वीला दिलं आणि शीतलला सभापतीची खुर्ची. "सभापतीला फारसं बोलायचं नसतंच गं."

उर्वी बोलून बसली होती. मग मागच्या बाकावरचा पोपट बोलला. खरं तर त्याला एकही वाक्य दिलेलं नव्हतं.

"सभापती महोदया, मला..." अथर्व उठला.

शीतल उठली. "बसून घ्या. सन्माननीय सदस्य पोपट, अजून काही सुचतंय का?"

"सुचतंय तर!" म्हणत पोपट गडब गावच्या मामाच्या म्हशीवर घसरला. ती हायवे कशी ओलांडते, तेही त्याने चालून दाखवलं.

पडद्याआडून मॅडम कुजबुजल्या, "शीतल, अथर्वला बोलू दे ना! वेळ संपतेय."

"बाहेरच्यांना सदनात बोलता येत नाय, मॅडम."

माईक चालू होता. परीक्षकांनी मान वर केली.

मग शीतल बसली, अगदी सावकाश. "पंतप्रधान, बोला."

अथर्व उठला. इतक्या उठाबशांत भाषण कुठे सांडलं कोण जाणे. "सन्माननीय..." म्हणाला नि थांबला. कान लालभडक झाले. त्याने शीतलकडे पाहिलं. वेळ संपल्याची घंटी वाजली असती तर बिचारा सुटला असता.

घंटी तिच्या हाताशीच होती. ती वाजू नये म्हणून शीतलने तिच्यावर तळवा दाबून धरला.

बाकांवर खसखस पिकली. शीतल माईककडे वाकली.

"शांतता राखा. पंतप्रधान बोलतायत."