घड्याळाखालची मासळी

डॉक्टर लेकीने सकाळपासून आईला आपलं परदेशातलं शहर, जॉर्जटाउन दाखवलं. लाकडी चर्च झालं, दीपगृह झालं, बाजारावरचा घड्याळाचा मनोरा झाला. चांगुणाबाय नुसती "हां, हां" करत होती. मासळीच्या ओळीत शिरल्यावर मात्र तिची चालच बदलली. पहिल्याच पाटीवरच्या माशाचा कल्ला तिने अंगठ्याने उचलला, नाक मुरडलं आणि बर्फात हात घालून नेहमीच्या गिऱ्हाइकासाठी तळाशी दडवलेला ताजा मासा बरोबर बाहेर ओढला.

मासेवाली आधी चिडली, मग खो खो हसली. "ही आमच्यातलीच दिसते!"

लेकीने ते मराठीत सांगितलं. चांगुणाबाय वरमली. सोबत लेकीची हॉस्पिटलातली मैत्रीण होती, आणि हॉस्पिटलात लेक 'आईचा बिझनेस आहे' एवढंच सांगते, हे तिला ठाऊक होतं.

लेक मैत्रिणीकडे वळली. मग आधी इंग्रजीत आणि नंतर आईकडे बघत मराठीत मोठ्याने म्हणाली, "हो! चाळीस वर्षं हर्णै बंदरात मासे विकलेत. मी डॉक्टर झाले ती हिच्या टोपलीवर."

मासेवालीने उठून आपलं स्टूल दिलं. चांगुणाबाय पदर खोचून ऐटीत बसली. लेक मनोऱ्याकडे पाठ करून तिचे फोटो काढू लागली.

"पुढ्यातून सर गे बाय," चांगुणाबाय डाफरली, "गिऱ्हाइकाला मासे दिसू देत!"