तिसरं मशीन

स्टॅबिलायझरचा काटा दोनशे वीसवरून दोनशे आठवर उतरला आणि तिथेच थरथरत राहिला. खाली बाजारात कुणीतरी पिठाची गिरणी सुरू केली असावी. सुनितानं वहीत वेळ लिहिली, आकडा लिहिला. मशीन चालूच राहिलं.

"बघितलं ना ताई? हे कुरकुर करत नाही," कुंदन म्हणाला.

कुंदन नंदुरबारचा. प्रयोगशाळेची यंत्रं विकायचा आणि दुरुस्तही करायचा. मोलगीच्या या ट्रस्टच्या दवाखान्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार तपासण्याचं मशीन घेऊन तो आठ महिन्यांत तिसऱ्यांदा आला होता, दर वेळी वेगळ्या कंपनीचं. मशीन रक्तातलं हिमोग्लोबिन वेगळं करून कागदावर शिखरं काढायचं. एका जागी शिखर आलं तर माणूस निरोगी, दुसऱ्या जागी आलं तर आजारी, दोन्हीकडे आलं तर वाहक.

मशीनची निवड करायची होती प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या सुनितानं. जुन्या यंत्रावर आपला भरवसा नाही, असं तिनंच लेखी दिलं होतं. पहिलं मशीन तिनं परत पाठवलं, कारण वीज कमी झाली की ते अडायचं. दुसऱ्याचं कार्ट्रिज मुंबईहून यायला आठ दिवस लागायचे, म्हणून तेही परत गेलं. दोन्ही कारणं दवाखान्याचे प्रमुख डॉक्टर हेमकांत यांना पटली होती. पण होळी आता तीन आठवड्यांवर आली होती. होळीनंतर डोंगरात लग्नं सुरू होतात, आणि त्याआधी जोडप्यांची तपासणी व्हायला हवी होती.

कोपऱ्यात काचेच्या नळ्या धुणाऱ्या कमलबाई खापर गावच्या. त्या म्हणाल्या, "मशीन देखाले आठ महिना, मंग नवरा देखाले कितला लागतीन वं माय?"

"नवऱ्याला गॅरंटी नसते कमलबाई," कुंदन म्हणाला.

"माले इचार. तीस वरीस व्हयनात, एक बी पार्ट बदलता उना नही."

सुनिता हसली. तेवढ्यात फोन वाजला. फुलवंताबाई, तिची आई, बाजारातून बोलत होती.

"वीरसिंगच्या घरचे आलेत. मागणी घालून वर्ष झालं म्हणतात. आज उत्तर हवंय त्यांना."

वीरसिंग आश्रमशाळेत शिक्षक होता. दर बाजाराच्या दिवशी दवाखान्यात डोकावायचा, आणि सुनिता त्या दिवशी दोघांपुरता डबा आणायची. पहिल्या भेटीतच त्यानं खिशातून स्वतःचं वाहकाचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं होतं.

"त्या कार्डाला अडलीस का?" आईनं विचारलं. "तूच सांगितलंस, एकटा वाहक असला तर लेकरांना आजार होत नाही."

"नाही होत. दोघंही असले तरच. मग दर बाळंतपणाला लेकरू आजारी निघायची शक्यता चारात एक."

"मग थांबलीस कशाला?"

"मशीनचं काम होऊ दे. सांगते."

कुंदननं सहा नळ्या लावल्या. दर वेळी त्याच सहा जणांचे नमुने असायचे, त्या त्या दिवशी ताजे घेतलेले. नळ्यांवर नावं नसायची, फक्त आकडे. पाचांची उत्तरं सुनिताकडे बंद पाकिटात असायची. सहाव्यापुढची जागा ती कोरी ठेवायची. मशीनला काय दिसतं ते बघायचं, एवढंच ती सांगायची.

कागद बाहेर आला. पाचही उत्तरं जुळली.

"सहावा वाहक," कुंदन म्हणाला. "मागच्या दोन्ही मशीनवरही वाहकच होता. आता तरी ती जागा भरा ताई."

"पुन्हा लाव."

"परत?"

"नळी नीट हलवून घे. मागच्या नमुन्याचा अंश राहिला असेल तर आधी मशीन धुऊन घे."

कुंदननं मशीन धुतलं, नळी सावकाश उलटसुलट केली आणि लावली. सात मिनिटं लागली. सुनिता उभीच होती. कागदावर पुन्हा दोन शिखरं आली. पहिल्या वेळी दुसरं शिखर अडतीस टक्के होतं, आता साडेसदतीस. एवढा फरक चालतो, हे तिला माहीत होतं.

"वीज बघितली, कार्ट्रिज नंदुरबारात मिळतं, बिघडलं तर मी दुसऱ्या दिवशी हजर," कुंदन म्हणाला. "आता कुठलं कारण काढणार?"

सुनितानं कागदाची घडी केली, उलगडली, परत घडी केली.

"नाही. कारण नाही," ती म्हणाली.

तिनं पसंतीच्या अर्जावर सही केली, तारीख घातली. कुंदननं सुटकेचा निःश्वास टाकला आणि कमलबाईंना चहा मागितला. सुनिता खिडकीपाशी गेली आणि तिनं स्वतःहून आईला फोन लावला.

"झालं का मशीनचं?" फुलवंताबाईंनी विचारलं. "ही माणसं इथं समोरच बसलीत."

"झालं. आई, तिन्ही मशीनवर मी माझंच रक्त लावून पाहिलं. मीही वाहक आहे. त्यांना नाही म्हणून सांग."