सतराव्या पानावरचा ठिपका

सलग तिसरं पुस्तक, आणि सतराव्या पानावर ठिपका नाही. टर्नरकाकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कोपरा कोराच होता.

वाचनालयातल्या जुन्या वाचकांची ती रीतच होती. हेरगिरीच्या कादंबऱ्यांची नावं सगळी एकसारखी, वाचलेलंच पुस्तक चुकून पुन्हा घरी यायचं. म्हणून जो तो सतराव्या पानाच्या कोपऱ्यात आपली खूण करून ठेवायचा. काकांची फुली. आणि गेली अकरा वर्षं त्यांच्या फुलीच्या आधी तिथे एक बारीक निळा ठिपका असायचाच. पुस्तक कालच आलेलं का असेना, ठिपकेवाला हात मारून गेलेला. काका घरी येऊन चिडचिड करायचे. काकू म्हणायच्या, असेल कोणीतरी रिकामटेकडा, तुमच्यासारखा.

काकांची मतं पक्की होती. उभा जन्म लेथ मशीनवर काढलेला माणूस, म्हणून तर सगळे टर्नरकाका म्हणायचे. पिस्तुलाच्या नळीवर सायलेन्सर नुसता खुपसून बसत नाही, आधी आटे पाडावे लागतात. एवढंही लेखकाला ठाऊक नसलं की पुस्तक त्यांच्या मनातून निम्मं उतरायचं. फितूर कोण, हे ते पन्नासाव्या पानाच्या आत ओळखायचे आणि मग उरलेली गोष्ट काकूंना ऐकवत बसायचे. तीन दिवस बर्फातून पळणाऱ्या नायकाला एकदाही लघवीला होत नाही, हा त्यांचा जुना आक्षेप. पण सगळ्यात मोठी तक्रार शेवटाबद्दल. बॉम्ब फुटो, विमान पडो, सगळं जग मेला म्हणून सोडून देवो, शेवटच्या पानावर गडी आपल्या घराच्या दारात उभा. या लेखकांना दुसरं काही सुचतच नाही, असं काका म्हणायचे. आणि दुसऱ्या दिवशी तसलंच पुस्तक घेऊन यायचे.

काकूंना म्हणे मारामारी सोसायची नाही. त्या असलं काही वाचत नसत. पण काकांनी पुस्तक मिटल्याचा आवाज आला की स्वयंपाकघरातून न चुकता विचारायच्या, "आला का घरी?"

"आला," काका म्हणायचे. मग चहा व्हायचा.

त्यांचा मुलगा अकरा वर्षांपूर्वी मालवाहू जहाजावर नोकरीला गेला. जहाज बुडालं. कंपनीच्या पत्रात त्याच्या नावापुढे ‘बेपत्ता’ असं लिहून आलं. काकांनी तो एक शब्द घट्ट धरून ठेवला. गेला असं कुठे लिहिलंय? दाखवा. पोराचे कपडे कोणाला तरी देऊन टाकू, असं धाकटा भाऊ एकदा बोलून गेला, तर काका त्याच्याशी वर्षभर बोलले नाहीत.

काकूंना जाऊन आता तीन महिने झाले होते, आणि काका वाचनालयात पुन्हा यायला लागून जेमतेम आठवडा.

काका पुस्तक घेऊन ग्रंथपाल बाईंच्या टेबलाशी गेले. तुमच्या त्या ठिपकेवाल्याने वाचनालय सोडलं की जग सोडलं, असं त्यांनी थट्टेत विचारलं. बाई हसल्या नाहीत. हातातलं रजिस्टर मिटून त्यांनी बाजूला ठेवलं.

"काका, तो ठिपका काकूंचा होता."

मग बाईंनी हळूहळू सगळं सांगितलं. जहाजाचं पत्र आलं त्याच महिन्यापासून काकू यायला लागल्या. रोज दुपारी दोन ते चार, खिडकीजवळच्या खुर्चीत. घरी सांगायच्या, गुडघ्याच्या व्यायामाला जाते. नवं पुस्तक आलं की आधी त्यांच्या हातात. शेवट पहिल्यांदा बघायच्या. माणूस घरी परतलेला असला की मग पुस्तक पहिल्यापासून वाचून काढायच्या, म्हणजे काका गोष्ट सांगायला लागले की हुंकार बरोबर जागेवर देता येईल. मग ठिपका. आणि माणूस परतला नसला तर दोन ठिपके. ती पुस्तकं बाईंच्या टेबलामागच्या कपाटात जायची. यांच्या हाती लागू देऊ नका, एवढंच काकूंचं म्हणणं. आता नवी पुस्तकं बाई स्वतःच चाळून देत होत्या.

पन्नास पानांत फितूर ओळखणाऱ्या काकांना अकरा वर्षांत हे ओळखता आलं नव्हतं. एवढा व्यायाम करून गुडघे कसे सुधारत नाहीत, म्हणून त्यांनी बायकोला किती टोमणे मारले होते.

त्यांनी कपाट उघडायला सांगितलं. बाई नको म्हणाल्या, मग उठल्या.

आत दोन खण भरून पुस्तकं होती. काका उभ्या उभ्या एकेकाचं शेवटचं पान बघत गेले. एकात नायक बर्फात गाडला गेला होता. एकात त्याच्या आईच्या हाती नुसतं घड्याळ आलं होतं. तिसरं पुस्तक बोटीचं होतं. त्याचं शेवटचं पान भिजून सुकल्यासारखं फुगलेलं होतं. तेवढंच पुस्तक काकांनी पिशवीत टाकलं.

दोन दिवस ते वाचत होते. आटे कुठे चुकले ते त्यांनी पाहिलं नाही. फितूर कोण याचा अंदाज केला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं पान संपलं. त्यांनी सतरावं पान काढलं आणि दोन निळ्या ठिपक्यांशेजारी आपली फुली मारली. मग पुस्तक मिटलं.

सवयीने त्यांची मान स्वयंपाकघराकडे वळली. ते थोडा वेळ थांबले, कोणी काही विचारेपर्यंत थांबावं तसे.

"नाही आला गं," काका म्हणाले.