काही राहिलंय का?

धाकटीचं बोलून संपलं तेव्हा टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मास्तरांनीही डोलावली, सगळ्यांच्या नंतर, आणि अर्धीच.

नदीकाठच्या अणुवीज केंद्रात दुसरी अणुभट्टी उभी राहायची होती. तिच्यामुळे नदीचं, मासळीचं, काठावरच्या गावांचं काय होईल याचा आढावा सरकारच्या नियामक खात्याला जाहीर करायचा होता, आणि त्याआधीची ही शेवटची बैठक. असले आढावे लिहिण्यात मास्तरांचं आयुष्य गेलं होतं. खात्यातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच शिकवलं, म्हणून तर ते मास्तर. पण या वेळी पहिल्या पानावर नाव होतं धाकटीचं. विभागात सगळ्यांत लहान, म्हणून धाकटी. मास्तरांचं नाव आतल्या पानावर, 'साहाय्य' या शब्दाखाली, हवामान खातं आणि फोटोग्राफर यांच्या मधे.

घरी त्यांनी हे बायकोला सांगितलं होतं. मुलगी हुशार आहे, कष्टाळू आहे, स्वभावानंही चांगली आहे, असे तिचे एकेक गुण त्यांनी सांगितले, तेव्हा बायकोनं विचारलं होतं की तुम्ही कौतुक करताय की तक्रार.

आज तर तिचं सगळंच त्यांच्या डोळ्यांत खुपत होतं. कागदात न बघता आकडे सांगणं. चुकलं तर 'चुकलं' म्हणून हसून पुढे जाणं. हे त्यांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं. बोलता बोलता तिला ठसका लागला तसा संचालकबाईंनी स्वतःच्या हातानं पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. मास्तरांच्या नजरेतून तेही सुटलं नाही.

पण त्यांच्या पोटात एक गोष्ट होती, आणि तिच्या जिवावर ते शांत बसले होते. आढाव्यात एक भोक राहिलं होतं.

केंद्रातलं गरम पाणी नदीत सोडतात. उन्हाळ्यात त्याचा त्रास काय होईल, हे धाकटीनं बारकाईनं लिहिलं होतं. हिवाळ्याचं मात्र अवाक्षर नव्हतं. कडाक्याच्या थंडीत त्या उबेला मासे झुंडीनं येऊन राहतात. अशा वेळी भट्टी एकदम बंद केली की पाणी बघता बघता गार पडतं आणि मासे जागच्या जागी मरतात. तरुणपणी दुसऱ्या एका केंद्रापाशी मास्तर असल्या मेलेल्या मासळीतून गमबूट घालून चालले होते. पाय ठेवायला जागा नव्हती. तो वास पुढे कितीतरी दिवस नाकातून गेला नव्हता.

धाकटीचा मसुदा वाचताना ही चूक त्यांना दिसली, आणि त्यांना इतकं बरं वाटलं की ते उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. बोलायचं नाही, असं त्यांनी तिथेच ठरवलं. जनसुनावणीत एखादा मासेमार उठेल, नेमकं हेच विचारेल, आणि भर सभेत हिची बोलती बंद होईल. थंडीत भट्टी एकदम बंद न करण्याची अट काय, नंतरही घालता येते, अशी त्यांनी स्वतःची समजूत काढली होती.

"मास्तर, तुम्ही नीट वाचलंय ना?" बाईंनी विचारलं. "काही राहिलंय का? जाहीर झाल्यावर मला फजिती नकोय."

सगळे त्यांच्याकडे बघत होते. धाकटीही, पेन उघडून, लिहून घ्यायच्या तयारीत.

"काही नाही," मास्तर म्हणाले. "उत्तम झालंय."

धाकटी जराशी घुटमळली. मग म्हणाली, तिला वाटतं एक राहिलंय. काल ती केंद्रावर गेली होती. नदीवर बोचरा वारा होता, आणि जिथे गरम पाणी पडतं तिथेच गळ टाकून माणसं खेटून बसली होती. एवढी माणसं इथेच का, या विचारात असताना तिला हिवाळ्यातल्या मासळीचं आठवलं. थंडीत भट्टी बंद करायची तर पाणी हळूहळू गार होईल अशी करावी, ही अट घालायलाच हवी.

"हे माझं नाही," ती म्हणाली. "सरांनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. गमबुटांची गोष्ट. काल सरांना फोनही केला होता, पण उचलला नाही."

फोन वाजला होता. स्क्रीनवरचं नाव बघून मास्तरांनी तो पालथा घातला होता.

बाईंनी चष्मा काढला. मुद्दा जर मास्तरांचाच, तर आत्ता ते काही नाही कसं म्हणाले, असं त्यांनी विचारलं. वयावर ढकलावं, की सरळ विसरलो म्हणावं, अशी मास्तरांची जुळवाजुळव चालली होती, तेवढ्यात धाकटीच बोलली. सर वर्गातही असंच करायचे, ती म्हणाली. उत्तर माहीत असून गप्प बसायचे, आम्हाला सुचतंय का ते बघायला.

हशा पिकला. मास्तर ते मास्तरच, असं म्हणत बाईंनी त्या अटीचं प्रकरण आढाव्यात त्यांच्या नावानं घालायला सांगितलं. कोणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारली. मास्तरांनाही हसावं लागलं.

बैठक संपल्यावर ते लिफ्टची वाट बघत होते, तिथे धाकटी शेजारी येऊन उभी राहिली. दोघंच होते. थोडा वेळ ती दारावरचे आकडे बदलताना बघत राहिली.

"सर," ती हळूच म्हणाली, "मला सुचलं नसतं, तर तुम्ही किती वेळ थांबला असता?"

आवाजात राग नव्हता. वर्गात शंका विचारावी तसं तिनं विचारलं होतं, आणि ती उत्तराची वाट बघत होती.

लिफ्टचं दार उघडलं. मास्तरांनी हातानं तिला आत जायची खूण केली आणि आपण जिन्याकडे वळले. खालच्या वळणावर पोचले तरी दार मिटल्याचा आवाज आला नाही. ती आतून बटण दाबून उभी होती.