खंडेनवमीची ओल

नॉझल दोनदा खोकलं, थोडी धूळ उडाली, पण काचेवर साधा ओरखडाही उठला नाही.

"बाई नवख्या आहेत," मॅनेजर कुलथे ग्राहक कंपनीच्या इंजिनिअरला म्हणाले. "उद्यापासून दुसरा माणूस ठेवतो."

बाई, म्हणजे रेवती पानसरे, सहा वर्षं हेच मशीन चालवत होत्या. दाबाच्या हवेबरोबर धारदार पावडर वेगाने सोडली की काचेला मोहरीएवढं भोक पडतं. हवा आणि पावडर कोरडी हवी, ही सूचना भिंतीवर ठळक अक्षरांत होती. कुलथे रोज तिच्याखालीच चहा घ्यायचे.

रेवतीबाईंनी पावडरच्या टाकीत हात घालून एक ढेकूळ काढलं आणि इंजिनिअरच्या तळहातावर ठेवलं. ते लालसर होतं. त्यात अक्षताही होत्या.

"खंडेनवमीची पूजा. हळदकुंकू मशीनला सगळेच वाहतात. साहेबांनी झाकण काढून आत नारळाचं पाणी शिंपडलं. मी नको म्हटलं, तर मला विचारतात, देवाला मानत नाही का?"

"भावनेचा प्रश्न असतो," कुलथे पुटपुटले.

इंजिनिअरने ढेकूळ त्यांच्याच हातात दिलं. "मॅडम, काम व्हायला काय लागेल?"

"नवी पावडर, कोरडं केलेलं नॉझल आणि अर्धा तास. आणि साहेबांना बाहेर बसवा. त्यांच्या श्वासातही ओल असते."

इंजिनिअरने कुलथेंसाठी दार उघडून धरलं.