दोन मीटर माती

"आरं, त्या मॅडमची गाडी बरोबर बाउंड्रीवर आलीय! आता चौका कसा मारू?"

रबियाने गाडीची काच खाली केली. "चौका राहू दे बाजूला," ती मराठीतच ओरडली, "आधी सगळे बाहेर व्हा!"

खेळ थांबला. बॅट खांद्यावर टाकून एक धिप्पाड माणूस हसत पुढे आला. त्याचं नाव जालिंदर. मूळचा बीडचा, इथे क्रेन चालवायचा.

"आपल्याकडच्या निघालात की ताई! कुठल्या?"

"रत्नागिरीची. आणि तुम्ही उभे आहात ना, त्या मातीत शिसं आहे."

"असंल," जालिंदर म्हणाला. "पण बॉल लई झ्याक उसळतो बघा."

कतारमधल्या बिरकत अल अवामेरजवळच्या त्या जागेवर पूर्वी ट्रकची गॅरेजं होती. जळकं ऑइल आणि फुटक्या बॅटऱ्यांचं पाणी वर्षानुवर्षं जमिनीत मुरलं. गॅरेजं हलली, विष तिथंच राहिलं. आता ते साफ करायला सरकारने निधी मंजूर केला होता आणि रबिया त्या कामाची इंजिनियर होती. मार्ग दोन होते. वर डांबर ओतून पार्किंग करायचं, नाहीतर दोन मीटर माती उपसून, चांगली माती भरून खेळाचं मैदान करायचं. रबियाला मैदान हवं होतं. पण निधी ज्यांच्या सहीने सुटणार होता ते उसामा साहेब मीटिंगमध्ये हसले होते. "इथे सगळे कामगारांचे कॅम्प. मैदानावर येणार कोण?"

आज शुक्रवार, सुट्टीचा दिवस. वाळवंटातल्या तंबूवर जाता जाता साहेब जागेवर शेवटची नजर टाकणार होते. आणि इथे कुंपणाचे पत्रे सरकवून अख्खी टीम आत! साहेबांनी बघितलं तर पार्किंग तर होईलच, वर आपली नोकरीही जाईल, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"यल्ला, पटापट निघा!"

"एवढी ओव्हर होऊ द्या ताई. सहाच रन हवेत," म्हणत जालिंदर परत स्टंपपुढे जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात पांढरी लँड क्रूझर धूळ उडवत आत आली. उसामा साहेब उतरले आणि नेमका त्याच वेळी गोलंदाजाने बॉल टाकला. जालिंदरने बॅट फिरवली. बॉल टप्पे घेत साहेबांच्या पायाशी येऊन थांबला.

त्यांनी तो उचलला. तळवा काळा झाला. त्यांनी हात नाकाशी नेला आणि तोंड फिरवलं. मग ते बघत राहिले. कोणी त्याच मातीत मांडी घालून पराठा खात होता, कोणी सूर मारून कॅच घेतल्याने दातापर्यंत धुळीने भरला होता.

"कब से खेलता है?" त्यांनी मोडक्या हिंदीत विचारलं.

"चार साल, साब," जालिंदर छाती काढून म्हणाला. "हर जुम्मा. बहुत टीम आता है."

"सबको बाहर निकालो."

माणसं कुरकुरत निघाली. रबियाने मनातल्या मनात मैदानावर पाणी सोडलं. साहेब टिश्यूने तळवा पुसत होते. डाग निघत नव्हता.

"पार्किंग खलास," शेवटी ते तिला म्हणाले. "दोन मीटर खोदा. आणि आधी या सगळ्यांचं रक्त तपासून घ्या."

गाडी निघून गेली तरी रबिया जागीच उभी होती. मग भानावर येऊन ती धावत कुंपणाबाहेर उभ्या कामगारांच्या बसपाशी गेली. जालिंदर तोंड पाडून स्टंप आत टाकत होता.

"जालिंदरभाऊ, वर्षभर दुसरीकडे खेळा. इथे मैदान होणार आहे!"

जालिंदरने तिच्याकडे बघितलं, मग वळून त्या काळ्या माळाकडे.

"आता होणार? मंग इतके दिवस आमी खेळत व्हतो ते काय व्हतं?"