मागून येणारा "हो"

द्राक्षबागांमधल्या त्या अरुंद रस्त्यावर सोलांजची सायकल कायम पुढे आणि तिचा नवरा एर्वे मागे. खड्डा दिसला की पुढच्याने ओरडायचं आणि मागच्याने "हो" म्हणायचं. मागे वळून बघायचं नाही, सायकल भरकटते.

तोडणी नुकतीच संपली होती. बागांमध्ये चिटपाखरू नव्हतं, फक्त चोथ्याचा आंबूस वास रस्ताभर साचला होता.

"खड्डा!"

"हो."

"ट्रॅक्टरचा चिखल आहे रे!"

"हो."

आज स्वारी फारच आज्ञाधारक दिसतेय, सोलांजला वाटलं. एरवी "आंधळा नाहीये मी" असं एकदा तरी ऐकवायचाच.

उताराला लागताना तिच्या पाठीवरच्या खिशातला फोन वाजला. एका हाताने सायकल सावरत तिने तो कानाला लावला.

"अगं, थांबशील की नाही?" एर्वे वैतागला होता. "तिकडे रस्त्याकडेच्या क्रूसापाशीच माझं चाक पंक्चर झालं. किती हाका मारल्या! बहिरी झालीस काय?"

क्रूस तर केव्हाच टेकडीपलीकडे राहिला होता.

सोलांजचे पाय पॅडलवर थिजले. तिचं मागचं चाक नुसतंच फिरत टिकटिकू लागलं. तिच्या मागे, हातभर अंतरावर, आणखी एक चाक टिकटिकत होतं.

"खड्डा!" मागून कोणीतरी ओरडलं.

तिने हँडल झटकन वळवलं. चाक खड्ड्याच्या काठावरून निसटलं.

फोनवर एर्वेने दबक्या आवाजात विचारलं,

"सोलांज, आत्ता 'खड्डा' म्हणून मी कुठून ओरडलो?"